बीजगणिताच्या टाइल्सचा संच: दोन वर्षं वर्गात वापरल्यावर

"मॅडम, जमनं!" म्हणत मागच्या बाकावरच्या मुलाने दोन्ही हात वर केले आणि मी फळा सोडून त्याच्याकडे गेले. टाइल्सच्या रंगीत तुकड्यांनी आयत करायला मी दिलेली राशी होती क्षवर्ग + ५क्ष + ५. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी इथे जुन्या पुस्तकांसारखा क्ष लिहिते.) या राशीचे पूर्णांकात अवयव पडत नाहीत, म्हणून तिच्या तुकड्यांचा पूर्ण आयत होत नाही, आणि ते मुलांना हाताने कळावं म्हणूनच मी ती दिली होती. याच्या बाकावर मात्र नेटका आयत तयार होता, एकही तुकडा बाहेर उरलेला नाही. वाकून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. संचातली क्षची हिरवी पट्टी बरोबर पाच पिवळ्या चौकोनांएवढी लांब होती. त्याने पाच पिवळे ओळीने लावून त्यांची सहावी पट्टी केली होती. त्याच्यापुढे जे तुकडे होते त्यांच्या हिशेबाने त्याचं काहीही चुकलं नव्हतं. चूक संच बनवणाऱ्याची होती.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका दुकानातून बीजगणिताच्या टाइल्सचे दोन संच घेतले, एक ६५० रुपयांना. स्वतःच्या पैशाने घेतले, म्हणून दोन्ही वर्षं डोळ्यात तेल घालून वापरले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही संचाला लागू आहे.

डब्यात तीन तऱ्हेचे तुकडे असतात. मोठा निळा चौरस म्हणजे क्षवर्ग, हिरवी पट्टी म्हणजे क्ष, छोटा पिवळा चौरस म्हणजे १. पट्टीची लांबी क्ष आणि रुंदी १, म्हणून तिचं क्षेत्रफळ क्ष. तुकडे उलटले की मागची बाजू लाल, ती ऋण. सगळा खेळ एवढाच: दिलेल्या तुकड्यांचा पूर्ण आयत करा, मग त्याची लांबी आणि रुंदी वाचा. तेच अवयव. क्षवर्ग + ५क्ष + ६ दिलं की मुलं थोडी खटपट करतात, पट्ट्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन लावतात, कोपऱ्यात सहा पिवळे चपखल बसतात, आणि (क्ष + ३)(क्ष + २) समोर दिसतं. आठवीच्या पुस्तकात वर्ग त्रिपदीचे अवयव शिकवताना मी वर्षानुवर्षं 'गुणाकार ६, बेरीज ५' हेच घोकून घेत होते. ते मुलांना येतही होतं. गुणाकार कशाचा आणि बेरीज कशाची, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

या संचाने मला सगळ्यात जास्त जे दिलं ते विस्तार सूत्रांत. (क्ष + ३) चा वर्ग म्हणजे क्षवर्ग + ९, असं लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. किती वेळा 'मधलं पद विसरू नका' म्हटलं तरी विसरतातच, कारण त्यांच्या लेखी ते पद कुठे नसतंच. टाइल्स घेऊन बसल्यावर मी म्हटलं, बरं, क्षवर्ग आणि नऊ ठेवा, आणि बाजू क्ष + ३ असलेला चौरस करून दाखवा. एका मुलीने निळा चौरस एका कोपऱ्यात ठेवला, नऊ पिवळे समोरच्या कोपऱ्यात ठेवले, आणि बोट ठेवून अहिराणीत म्हणाली, "मॅडम, आठे रिकामं शे. आन आठे बी." (इथे रिकामं आहे, आणि इथेही.) मी गप्प उभी राहिले. तिने एका रिकाम्या जागेत तीन पट्ट्या भरल्या, मग दुसरीत तीन. सहा क्ष. नंतरच्या चाचणीत त्या वर्गात ही चूक कुणाचीच झाली नाही असं नाही, पण झाली त्यांना मी 'रिकामं कुठे आहे?' एवढंच विचारायचे, आणि ती मुलं स्वतःच खोडून पुन्हा लिहायची. हे एकट्याने ६५० रुपये वसूल करतं.

ऋण चिन्हाशी मात्र या संचाला झगडावं लागतं. क्षवर्ग + क्ष − ६ घ्या. एक निळा, एक हिरवी पट्टी, सहा लाल चौरस. आयत होत नाही. मग दोन हिरव्या आणि दोन लाल पट्ट्या अशा शून्याच्या जोड्या आत आणाव्या लागतात, तेव्हा (क्ष + ३)(क्ष − २) जमतं. "काहीच नाही" हे पदरचं आणून ठेवायचं, ही कल्पना मुलांच्या गळी उतरायला मला दोन तास लागले. शेवटी उधारी कामाला आली. शंभर रुपये उसने घेतले तर हातात शंभर आले आणि डोक्यावर शंभर चढले, घरात फरक काही पडला नाही. कापसाच्या हंगामावर घर चालतं त्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पण दोन्ही कंसांत ऋण असेल, लाल गुणिले लाल पिवळं होत असेल, तेव्हा टाइल्स नुसता गोंधळ घालतात. तिथे मी संच आवरते आणि फळ्यावर येते.

रंगांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या तालुक्यात पाटणला, पाटणादेवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, ही नोंद त्यात आहे, आणि लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीला यावत्-तावत् म्हणतात आणि पुढच्यांना चक्क रंगांची नावं आहेत: कालक, नीलक, पीतक. सुट्या संख्येला रूप. आपल्या क्षवर्ग + ५क्ष + ६ ला त्या पद्धतीने 'याव १ या ५ रू ६' असं लिहायचं. ऋण संख्येवर टिंब द्यायचं. मी हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा वर्गाने आधी टाइल्सकडे पाहिलं, मग फळ्याकडे. निळा, पिवळा. आठशे वर्षांपूर्वी बीजगणित शिकवण्याची सोय झाली ती जागा आपल्या मुलांनी सहलीत फक्त धबधबा पाहून सोडून द्यावी, याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या वर्षी आम्ही शिलालेखासमोर एक डबा उघडून बसलो. खूप वेळ नाही, दहा मिनिटं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी वर सांगितलीच: क्षची पट्टी एककांच्या पूर्ण पटीत असता कामा नये. असली की क्ष ही अज्ञात राशी राहतच नाही, ती पाच होऊन बसते, आणि मुलं मोजतात. दुसरी, हा संच फोमचा आहे. आमच्या पत्र्याच्या वर्गात मार्चपासून पंखा बंद ठेवता येत नाही आणि पंखा लावला की पिवळे चौकोन उडतात. एक डबा खिडकीशी राहिला त्यातल्या पट्ट्या उन्हाने वाकल्या. तिसरी, सोबतची पुस्तिका सगळी इंग्रजीत, एकही उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने नाही. आणि दोन संचांत जेमतेम आठ मुलं बसतात. माझ्या वर्गात त्रेचाळीस आहेत.

म्हणून पहिल्याच दिवाळीनंतर आम्ही स्वतः तुकडे कापले. एकक २ सेंटिमीटर, क्ष ७.३ सेंटिमीटर. साडेतीन एककांच्या जरा पुढे, म्हणजे पिवळे लावून पट्टी कधी भरतच नाही. एका मोठ्या कार्डशीटमध्ये चार निळे, बारा पट्ट्या आणि वीस एकक असे सहा संच आरामात निघाले. मागे लाल घोटीव कागद चिकटवला. कापणं मुलांनीच केलं, आणि ७.३ ची खूण करताना "मॅडम, सात का नाही?" हा प्रश्न आला तोच तासाचा अर्धा धडा झाला. कार्डशीटचे तुकडे फोमसारखे उडत नाहीत, पण कोपरे लवकर दुमडतात, वर्षाला एकदा नवे करावे लागतात. मला चालतं.

दहावीच्या पूर्ण वर्ग पद्धतीसाठी मात्र मी विकतचा डबा अजूनही काढते, मोठा आणि स्पष्ट दिसतो म्हणून. क्षवर्ग + ६क्ष. पट्ट्या तीन-तीन दोन बाजूंना. कोपरा उघडा. किती लागतील? नऊ. 'क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग' हे वाक्य त्यानंतर सांगितलं की ते वर्णनासारखं ऐकू येतं, नियमासारखं नाही.

याहून पुढे टाइल्स ताणू नयेत. घन आला की चौरस संपले. क्षवर्ग + १७क्ष + ७२ साठी बहात्तर पिवळे मांडत बसणं म्हणजे तास वाया. मी पाच-सहा तासांनंतर वहीत आयताचं नुसतं चित्र काढायला लावते, मग चार घरांचा चौकोन, मग फक्त राशी. गणित भाग १ च्या ४० गुणांच्या पेपरला दोन तास मिळतात आणि तिथे हातात पेनच असतं. रेषीय समीकरणांच्या आलेखांना तर या संचाचा काहीच उपयोग नाही, तिथे आलेख कागद आणि माझ्या मोबाइलवरचं जिओजेब्रा पुरतं. ते मोफत आहे, आणि ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी चालतं.

विकत घ्यायचाच असेल तर एकच घ्या, फळ्यावर चिकटणारा चुंबकाचा मिळाला तर तोच, बाकीचे मुलांकडून करून घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानातच डबा उघडायला लावा. हिरव्या पट्टीला लागून पिवळे चौकोन एकापुढे एक ठेवा. शेवटचा पिवळा पट्टीच्या टोकाशी बरोबर जुळला तर डबा परत द्या.