टाक्यांची खूण 'सात दिवसांत' घालवणाऱ्यांपासून सावध राहा

ऑपरेशननंतर टाक्यांची खूण सगळ्यात वाईट दिसते ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. टाके काढताना जी बारीक रेघ असते ती लाल होते, उंच होते, खाजते, बोटाला टणक लागते. यात बिघडलेलं काही नसतं. आतमध्ये त्वचा नवा धागा विणत असते, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात तीच खूण आपोआप मऊ, सपाट आणि फिकी होत जाते. एवढी गोष्ट आम्हाला दवाखान्यातून घरी सोडताना कुणी नीट सांगितली असती, तर माझ्या लेकीला फसवायला त्या लोकांना जागाच मिळाली नसती. म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी लिहिली. आता झालं काय ते सांगते.

लेकीच्या थायरॉइडमध्ये गाठ होती. मिरजेला ऑपरेशन झालं, अर्धी ग्रंथी काढली. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता; देवाची कृपाच म्हणायची. पण मानेवर, मंगळसूत्राच्या वाट्यांच्या जरा वर, आडवी खूण राहिली. सर्जन हा छेद मुद्दाम मानेच्या घडीत घेतात, म्हणजे पुढे खूण घडीत मिसळून जाते. पुढे म्हणजे पुढे. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. आमच्याकडे स्थळं बघणं चालू होतं. बघायला आलेल्या एका बाईंनी तिच्या तोंडावर विचारलं, "गळ्याला काय झालंय हो पोरीच्या?" तेव्हापासून पोर घरातसुद्धा ओढणी गुंडाळून वावरायला लागली.

असल्याच दिवसांत तिला मोबाईलवर जाहिरात दिसली. टाक्यांचे व्रण सात दिवसांत निम्मे, पूर्ण आयुर्वेदिक, तपासणी मोफत. खाली फॉर्म होता. कोणतं ऑपरेशन, कधी झालं, खुणेचा जवळून काढलेला फोटो, वय, मोबाईल नंबर, आणि सगळ्यात शेवटी, "घरात लग्नकार्य आहे का?" हा शेवटचा प्रश्न वाचून आज माझं रक्त उसळतं. खुणेवर उपचार करायला लग्नाची माहिती कशाला लागते? ती लागते गरज किती आहे आणि किती पैसे काढता येतील, हे जोखायला.

संध्याकाळीच फोन आला. बोलणारी मुलगी अगदी गोड, आपल्याकडच्या बोलीत बोलणारी, स्वतःला 'स्कार एक्स्पर्ट' म्हणवणारी. "आता ती लाल आणि उंच झाली असेल ना? रात्री खाजतं ना?" असं तिनेच विचारलं. आम्हा दोघींना वाटलं, न बघता कळलं म्हणजे हिला यातलं खरंच कळतंय. प्रत्यक्षात फॉर्मवर ऑपरेशनची तारीख होती, आणि त्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांच्याच खुणा लाल असतात. मग भीती घातली. आत्ता सुरू केलं नाही तर याचं केलॉइड होईल आणि ते जन्मभर जाणार नाही. शेवटी मला म्हणाली, "काकू, तुमची लेक म्हणजे माझी बहीणच. साखरपुड्यापर्यंत गळा मोकळा करून देते."

केलॉइडची भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून ती बरोबर लागते. केलॉइड म्हणजे मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरत जाणारी गाठीसारखी खूण. छातीच्या मधोमध, खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागावर, कानाच्या पाळीला ती जास्त होते. सावळ्या त्वचेत प्रमाण जास्त असतं आणि काही घराण्यांत ती चालतच येते. पण रेघेच्या आतच राहिलेली उंच, लाल खूण म्हणजे केलॉइड नव्हे. हा फरक त्वचारोगतज्ज्ञ नुसतं बघून आणि हात लावून सांगू शकतात. फोनवरच्या माणसाला तो सांगताच येणार नाही.

साडेतीन हजारांचा 'किट' आला. मलम, तेल, गोळ्या. डब्यावर पानाफुलांची चित्रं होती, आणि बनवणाऱ्याचं नाव-गाव कुठेच नव्हतं. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, मुदत संपायची तारीख नाही, आत काय-काय घातलंय याची यादी नाही. फक्त एक मोबाईल नंबर. आपल्याकडे साधी चेहऱ्याची क्रीम विकायची तरी हे सगळं छापावं लागतं.

आणि त्या मलमाने फरक पडला! चार-पाच दिवसांत लाली उतरली, खाज थांबली. घरात आनंदीआनंद. नेमका त्याच वेळी फोन आला, "फोटो पाठवा, खिडकीजवळच्या उजेडात काढा, चेहऱ्यासकट." फोटो गेला, त्या बदल्यात शाबासकी मिळाली आणि 'दुसरा टप्पा' म्हणून नऊ हजारांचा किट गळ्यात पडला. एवढ्यावर सोडलं तर दुप्पट जोराने उलटेल, असं सांगून.

दुसरी ट्यूब संपत आली तेव्हा रेघेभोवतीची कातडी पांढरट पडली. इतकी पातळ झाली की आतल्या लाल शिरांची बारीक जाळी दिसायला लागली. वर पुरळ उठलं. मलम थांबवलं की आग व्हायची. फोनवर उत्तर ठरलेलं, "विष बाहेर पडतंय, डोस वाढवा."

तेव्हा सांगलीत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी भिंगातून बघितलं, ट्यूब उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ताई, ही लक्षणं जहाल स्टिरॉइडची आहेत. असे पेशंट आमच्याकडे सारखे येतात." स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली पटकन जाते, सूज आणि खाज दबते. पण त्याच वेळी त्वचेचं विणकाम मंदावतं, कातडी झिजते, रंग उडतो. गोऱ्या होण्याच्या क्रीममधून देशभर हाच धंदा चालतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं ओरड केल्यावर 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. पण डब्यावर स्टिरॉइडचं नावच छापलं नाही तर नियम कशाला लागू करणार? डॉक्टरांनी एक गोष्ट मुद्दाम समजावली. स्टिरॉइड हे औषधच आहे. खरं केलॉइड झालं तर तेच थेट गाठीत इंजेक्शनने देतात, पण डॉक्टरच्या हातून, मोजून आणि दर भेटीला तपासून.

मी पैसे परत मागितले. लगेच 'रिफंड विभाग' जागा झाला. पैसे मिळतील, आधी जीएसटीचे अठराशे भरा. नकार दिल्यावर दुसरीच युक्ती. क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात जमा होतील." माझा भाचा शेजारी बसला होता, त्याने माझ्या हातातून फोनच काढून घेतला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. मलम विकणारे आणि हे क्यूआरवाले वेगळे नाहीत. एकदा पैसे देणारा नंबर सापडला की ते त्याला शेवटपर्यंत पिळतात.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. लेकीच्या मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली. 'आधी आणि नंतर.' दोन्ही फोटो माझ्या लेकीचे, चेहऱ्यासकट. 'नंतर'चा फोटो त्यांनी रंगवलेलासुद्धा नव्हता. लाली उतरलेल्या त्या चार दिवसांतलाच तो खरा फोटो होता, खिडकीच्या उजेडातला. फोटोची एवढी घाई का होती ते तेव्हा कळलं. मलम चांगलं दिसण्याची मुदत थोडी असते आणि फोटो त्याच मुदतीत गोळा करावे लागतात. जाहिरातीत दिसणारे फोटो खरे असतील, तरी त्यानंतर महिन्याभराने त्या माणसांच्या कातडीचं काय झालं ते कुणी दाखवत नाही. पोर दोन दिवस जेवली नाही. तिचा गळा, तिचा चेहरा, आणि त्यावर दुसऱ्या पोरी फसवल्या जात होत्या.

आता डॉक्टरांनी जे सांगितलं ते, कारण यातलं बहुतेक स्वस्त आहे. जखम पूर्ण मिटून खपली गेल्याशिवाय त्यावर काहीच चोळायचं नाही. मिटल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी. व्रण उंच होऊ नये म्हणून जगभरचे तज्ज्ञ सगळ्यात आधी हेच सुचवतात. पट्टी असेल तर दिवसाचे बारा तासांहून जास्त ठेवायची आणि दोन-तीन महिने तरी नेटाने. सर्जनला विचारून हलक्या बोटाने मालिश, त्यासाठी साधी पेट्रोलियम जेली पुरते. आणि ऊन टाळायचं. नव्या खुणेला ऊन लागलं की ती काळवंडते आणि तो काळेपणा फार रेंगाळतो, म्हणून वर्षभर कापडाने झाकायचं किंवा एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन लावायचं. लेकीची ओढणी आता त्यासाठी असते.

आमच्या जावेने व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावायला सांगितली होती, बऱ्याच घरांत लावतात. 1999 साली अमेरिकेत ऑपरेशनच्या खुणांवर याचा छोटा अभ्यास झाला होता. बहुतेकांना काही फायदा दिसला नाही, काहींची खूण उलट वाईट दिसायला लागली, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना ॲलर्जीचं पुरळ आलं. लिंबू तर लावूच नका, नव्या कातडीची आग होते.

आणि हे मलमाने नाही, सर्जनकडेच जायचं काम: लाली रेघेपासून लांब पसरत चालली, जागा गरम लागली, पू किंवा पाणी आलं, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं किंवा टाका उसवला, तर त्याच दिवशी. खूण रेघेबाहेर वाढतेय असं वाटलं तर त्वचारोगतज्ज्ञ.

खूण पूर्ण पुसली जात नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भरलेली जागा मूळ कातडीच्या साधारण 80 टक्के ताकदीपर्यंतच पोचते. पूर्ण घालवतो म्हणणारा कुणीही असो, तो खोटं बोलतो.

तक्रारीचं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. फोटोच्या गैरवापराची तक्रार सायबर पोलिसांकडे होते, आम्ही केली. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, विकणारा दिल्लीत बसलेला असला तरी. मलमाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 खाली आपण विकत घेतलेलं औषध किंवा क्रीम फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून ट्यूब, डबा, कुरिअरचं पाकीट, पैसे गेल्याचा मेसेज, चॅट, यातलं काहीही रागाने टाकून देऊ नका.

लेकीच्या फोटोची ती जाहिरात तक्रारीनंतर उतरली. त्याच फॉर्मची दुसऱ्या नावाची जाहिरात त्यानंतर मी स्वतः पाहिली आहे, यावेळी सिझेरियनच्या खुणांसाठी. शेवटचा प्रश्न बदललाय, आता "बाळ किती महिन्यांचं आहे?" असं विचारतात. तुम्हाला दिसली तर फॉर्म भरू नका, स्क्रीनशॉट काढा आणि तक्रार करा.