५ किलोवॅटचा सोलर ऑनग्रिड इन्व्हर्टर : मशीनला ४ स्टार, सर्विसला १

आमचं घर मळ्यात, एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) घरं पण आणि शेतीच्या मोटारी पण, त्यामुळे लाईट जाऊन परत येते तेव्हा इन्व्हर्टर काय करतो हेच मला बघायचं होतं आणि त्यावर यूट्यूबवाले एक अक्षर बोलत नाहीत.

मशीन चांगलंय. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली, फीडर (आमच्याकडे येणारी मुख्य लाईन) ट्रिप झाला की हा पण लगेच बंद. (लाईट गेल्यावर सोलर चालत नाही म्हणून शिव्या घालू नका, ऑनग्रिड म्हणजे थेट लाईनला जोडलेला, तो असाच असतो, नाहीतर त्याची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरचा वायरमन जायचा.) खरी गंमत लाईट आल्यावर. सगळ्या मोटारींचे ऑटो (आपोआप चालू करणारे स्विच) एकदम उचलतात, व्होल्टेज १८० च्या खाली बसतं, आणि १८४ च्या खाली नियमाने जोडायचंच नाही म्हणून हा गप्प. मोटारींनी वेग घेतला, व्होल्टेज सावरलं की स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी, मधे परत व्होल्टेज पडलं तर मोजणी पहिल्यापासून. जोडल्यावरही सगळी पॉवर एकदम ढकलत नाही, हळूहळू चढतो, हे मला फार आवडलं.

वैताग दुपारचा. फॉल्टनंतर मोटारी बंदच राहिल्या की लाईनवर लोड नाही, व्होल्टेज चढलेलं, आणि ते २५३ च्या वर गेलं की हा ट्रिप. ट्रिप झाला की व्होल्टेज उतरतं, मिनिटाने परत जोडतो, पॉवर चढली की परत ट्रिप, ऊन असेपर्यंत हेच चालू! सर्विसवाला म्हणे "लाईनचा प्रॉब्लेम आहे साहेब, आमचा नाही" आणि फोन ठेवला. शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने चालू असतानाच मोजलं, मीटरपाशी २४७ आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलला २५४, म्हणजे ७ व्होल्ट नुसते केबलमधे. छतापासून मीटरपर्यंत ३५ मीटर आणि इन्स्टॉलरने ओढलीय ४ स्क्वेअरची (चौरस मिमी जाडीची) वायर, त्यातून २२ अँपिअर! १० स्क्वेअरची तांब्याची टाकली, फरक ३ व्होल्टवर आला, ट्रिपिंग जवळपास बंद. पैसे अर्थात माझ्याच खिशातले.

ॲपवर विसंबू नका, त्यात दर ५ मिनिटांनी रीडिंग येतं, मधले ट्रिप दिसतच नाहीत, मशीनच्या स्क्रीनवरची इव्हेंट लिस्ट बघा. आणि घेणार असाल तर कोटेशनमधे एसी केबलची (इन्व्हर्टर ते मीटर) साईज लिहूनच घ्या, "स्टँडर्ड केबल" असं लिहिलं असेल तर सही करू नका.