कार्बाइड की नायट्राइड? आधी पावसाळा आठवा

फोंड्यातल्या शेजाऱ्यांचा मुलगा अणुइंधनावर पीएचडी करणार आहे. परवा विचारत होता, "काका, युरेनियम कार्बाइड घेऊ की नायट्राइड?" घनता, उष्णतावाहकता तो पाठ करूनच आला होता. त्या बाबतीत ही दोन्ही इंधनं नेहमीच्या युरेनियम ऑक्साइडच्या पुढे, तेव्हा तो विषय सोडू. मी चार वर्षं कार्बाइड केला, मग नायट्राइडकडे वळलो. काटा थोडा कललेला वाटला तर त्यामुळे.

कार्बाइडच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. कल्पाक्कमची एफबीटीआर ही प्रायोगिक फास्ट ब्रीडर अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली ती प्लुटोनियम-युरेनियमच्या मिश्र कार्बाइडवर, आणि त्या इंधनाच्या गोळ्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनल्या. म्हणजे अडलं तर विचारायला जाणती माणसं देशातच आहेत. नायट्राइडला ही सोय कमी.

मला नको झाली ती ओल. चोरून आंबे पिकवायला वापरतात तो कार्बाइड वेगळा, कॅल्शियमचा. पण ओल लागली की वायू सोडायची खोड घराण्यातलीच. युरेनियमचा मिथेन आणि हायड्रोजन सोडतो. आमची प्रयोगशाळा समुद्राकाठी. एका जूनमध्ये शनिवारी दळलेली पूड ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत) ठेवून घरी गेलो. हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. सोमवारी पूड होती तशीच दिसली, म्हणून गोळ्या दाबल्या. पापड सादळला तर निदान वाकतो. ही काही सांगतच नाही! भाजायला घातल्यावर भट्टीत मात्र आत शिरलेला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघाला, गोळ्यांना छिद्रं पडली आणि कार्बनचा सगळा हिशेब चुकला. असं तीन पावसाळे.

नायट्राइडही साधाभोळा नाही. बारीक पूड हवेत पेट घेऊ शकते, गरम वाफेपुढे गोळी टिकत नाही. भट्टी नायट्रोजनमध्येच थंड केली तर जास्त नायट्रोजनवालं संयुग तयार होतं, म्हणून वेळेवर आर्गॉन वायू सोडावा लागतो. शिवाय साध्या नायट्रोजनात ९९.६ टक्के नायट्रोजन-१४. अणुभट्टीत त्याचा किरणोत्सारी कार्बन-१४ होतो आणि तो टाळायचा तर महागडा नायट्रोजन-१५ आणा. पण खर्चाचं आधी कळतं, सोमवारी नाही. बॉक्समधल्या थोड्याफार ओलीला माझा नायट्राइड तरी कमी चिडला. दुसऱ्याचा अनुभव निराळा असेलही.

त्याला एवढंच म्हटलं: कार्बाइडच घेणार असलास तर त्या प्रयोगशाळेतले ग्लव्हबॉक्स आधी बघून ये. डिसेंबरात नको, जुलैत जा.