72 तोळे चांदी, एक हिरवा थेंब आणि मी शहाणा मास्तर

लिहायला लाज वाटते. पण आमच्या कपाशीच्या पट्ट्यात अजून कितीतरी घरी आजीची चांदीची भांडी ट्रंकेत पडून आहेत, आणि चांदी घेताना मला फसवणारा दुकानदार गल्ल्यावर तसाच बसला आहे, म्हणून लिहितो.

2025 चा जून. पेरणी तोंडावर, पोरीच्या नर्सिंगची फी 40 हजार, आणि आमची शाळा अंशतः अनुदानित, म्हणजे पगार नावापुरता. देवघरातली चांदी काढली. तांब्या, ताम्हण, गुलाबदाणी, एक वाटी आणि जॉर्ज राजाच्या मुंडक्याचे 18 रुपये. वाटीची जोडी होती, दुसरी आक्काकडे.

बायको म्हणत होती, नागपूरले जाऊ. पण एस.टी.चं भाडं, एक दिवसाची रजा... आणि तालुक्याचा दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. (ओळखीचा माणूस तर आधी तपासून घ्या.)

सोबत 1952 च्या वाटणीचा कागद होता. मी विकायला काढलेल्या भांड्यांचं वजन त्यात 72 तोळे लिहिलेलं. त्याच्या काट्यावर भरली 771 ग्राम. मी मनातल्या मनात तोळ्याला 10 ग्राम धरले, 720 झाले. म्हणजे 51 ग्राम जास्तच! माणूस प्रामाणिक निघाला म्हणून त्याचा चहासुद्धा घेतला. अहो, जुना तोळा 11.66 ग्रामचा. 72 तोळे म्हणजे 840 ग्राम. त्याच्या काट्यानं 69 ग्राम गिळले आणि मी वरून त्याला शाबासकी दिली. घरून निघताना किराणा दुकानात भांडी तोलून घेतली असती तर? दहा मिनिटांचं काम.

मग त्यानं ॲसिडची बाटली काढली. गुलाबदाणी आडवी धरली, मानेला जिथं डाक (धातूचा जोड) दिलेला असतो तिथं कानस फिरवली आणि थेंब सोडला. थेंब फसफसला, हिरवागार झाला.

"पाहा सर, जर्मन मिक्स हाये. तुम्हीच विज्ञानाचे, तुम्हाले मी काय सांगू?"

जर्मन म्हणजे जर्मन सिल्व्हर, नावाला चांदी, आत तांबं-निकेल-जस्त. हा क्षण मला अजून रात्री झोपू देत नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये हिरवा-निळा रंग आला की तांबं, हे मी दरसाल पोरांना फळ्यावर लिहून देतो. म्हणून तर लगेच पटलं! तांबं ओळखलं, पण ते कुठलं हे विचारलं नाही. डाकात तांबं-जस्त असतंच, तिथं हिरवं येणारच. "ताम्हणाच्या बुडाला टाक" एवढं म्हटलं असतं तर पांढुरकी साय आली असती आणि त्याचं तोंड उतरलं असतं. त्यानं माझं अज्ञान नाही वापरलं, माझं ज्ञान वापरलं.

रुपयांना म्हणाला, "लढाईच्या काळातले, अर्धी चांदी," आणि एकेक 600 रुपयांना घेतला. अर्ध्या चांदीचे रुपये 1940 पासूनचे. आमच्यावर 1917, 1918 छापलेलं होतं, आकडे बोटाला लागत होते. त्या रुपयात बारा वाट्यांतले अकरा वाटे चांदी. नाण्यावरचं साल वाचायला कोणती पदवी लागते?

भांड्यांना 38 रुपये ग्राम, म्हणजे 29,298. त्यानं 29,300 दिले. दोन रुपये जास्त, दिलदार माणूस! नाण्यांचे 10,800. हाती 40,100. फी निघाली म्हणून मी त्या दिवशी खुशीत होतो.

ऑगस्टात आक्काची वाटी घेऊन नागपूरला इतवारीच्या सराफा बाजारात गेलो. चांदी तपासायच्या मशीनवर ठेवली, लगेच कागद हातात: चांदी 92.1 टक्के. जून महिन्यात भाव ग्रामला 105 च्या आसपास होता. घट-तूट म्हणून दहा टक्के सोडले तरी सगळ्याचे 91 हजार व्हायला हवे होते. 51 हजार गेले.

ठाण्यात तीन तास बसवलं. "मास्तर, तुमच्या हातानं देल्लं, पैसे मोजून घेतले, आता कायची फसवणूक?" बिल मागितलं. बिल त्यानं दिलंच नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं, ते तर आहेच. पण बिल नाही म्हणून गुन्हा नाही, हे कोणत्या कायद्यात लिहिलं आहे? एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवता येते, हे मला वाचून कळलं, ठाण्यातून नाही. पाठवली आहे, पोचपावती जपून आहे. काट्याची तक्रार केली तर 23 दिवसांनी वजनमापाचे साहेब आले, तोवर दुकानात नवा काटा, सील चकचकीत. वकिलाला विचारलं तर म्हणे तुम्ही विकणारे, ग्राहक नाही, ग्राहक आयोगात कसे जाल? म्हणजे घेताना फसलो तर न्याय, विकताना फसलो तर आपलं नशीब! सोन्याला हॉलमार्कची सक्ती झाली, चांदीला तीही नाही.

माल आत नेऊ देऊ नका. बिल आधी, माल नंतर. भांड्यावर ई.पी.एन.एस. असा ठसा असेल तर ती खरोखर चांदी नाही, तिथं भांडू नका. नाणी घासून चकचकीत करू नका, संग्राहक काळपट नाण्याला जास्त देतात.

मागच्या आठवड्यात आक्का आली आणि तिची वाटी मशीनच्या कागदासकट परत घेऊन गेली. म्हणाली, "तुयाजवळ नाही ठेवत बाप्पा."