स्क्रॅचमध्ये वेळ मोजायला टायमर की स्वतःचा काउंटर?

कोथरूडची माझी भाची स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) साथ पसरण्याचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरची नक्कल, करतेय. निळा ठिपका लाल ठिपक्याला टेकला की तोही लाल. अडलंय एकाच जागी: "मामा, दिवस कशाने मोजू?"

मेहनत बघाल तर टायमर आयता मिळतो; हिरवा झेंडा (सुरू करायचं बटण) दाबला की शून्यापासून सेकंद सुरू. काउंटरसाठी 'दिवस' नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायचा डबा) करा, सुरुवातीला 0 करा, लूपच्या (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या ठोकळ्याच्या) दर फेरीला 1 वाढवा. हा लूप स्टेजवरच (ठिपक्यांमागच्या पडद्यावर) ठेवायचा. क्लोनमध्ये (ठिपक्याच्या प्रतींमध्ये) टाकलात तर 200 ठिपके मिळून एका फेरीत 200 दिवस ढकलतात!

खरी गोची भरवशाची. टायमर खऱ्या घड्याळावर चालतो, ठिपके किती पावलं सरकले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर ठिपके रखडतात, टायमर पळतोच. टर्बो मोडमध्ये (प्रोग्रॅम सुसाट पळवायची सोय) नेमकं उलटं. काउंटरचं तसं नाही, 100 दिवस म्हणजे 100 फेऱ्याच.

"30 सेकंदांत पकड" छाप खेळ असेल तर टायमर घ्या. साथ किंवा स्वारगेटच्या सिग्नलवरची रांग मांडून, पुन्हापुन्हा चालवून आकडे ताडायचे असतील तर काउंटर. भाचीने काउंटर लावला, आणि दुसऱ्या रनला तो 0 करायला विसरलीच.