लिंबू-संत्री आणि सांबार कांद्याच्या काढणीचा संच: लहान कात्री घ्या, पंजा सोडा

इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात बागकामाचा तीन हत्यारांचा संच साडेसहाशेच्या आसपास मिळतो. आठ इंची बायपास कात्री, फळं तोडायची वाकड्या टोकाची लहान कात्री आणि तीन दातांचा हातपंजा. अंगणात कागदी लिंबाची एक-दोन झाडं, एखादं संत्रं आणि वाफाभर सांबार कांदे (सांबारात अख्खे घालतात ते छोटे कांदे) एवढाच पसारा असेल, तर यातलं एकच हत्यार पैसे वसूल करतं, आणि ते दिसायला सगळ्यात किरकोळ आहे.

ती लहान कात्री. पाती आखूड, टोकं बोथट आणि आत वळलेली, त्यामुळे झुपक्यातलं एक लिंबू काढताना शेजारच्याला टोक लागत नाही. लिंबाचा देठ जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड, त्याला एवढी कात्री पुरते. कापायचं दोनदा: आधी देठ थोडा लांब ठेवून फळ झाडावरून सोडवायचं, मग हातात घेऊन देठ फळाच्या टोपीलगत कापायचा. लांब देठ तसाच राहिला तर टोपलीत तो दुसऱ्या फळांना टोचतो आणि तिथूनच बुरशी शिरते. हाताने ओढून तोडणाऱ्यांचं नुकसान तर ठरलेलं. संत्र्याची साल सैल असते, देठाजवळचा तुकडा उपटून येतो आणि ते फळ दोन-चार दिवसांत हिरव्या बुरशीने भरतं.

तोडणीची वेळ मात्र कात्री सांगत नाही. लिंबू-संत्री तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाहीत, गोडी वाढत नाही, म्हणून संत्र्याच्या रंगावर न जाता एक फळ कापून चव बघावी. लिंबाची साल गुळगुळीत, चकचकीत होऊन गडद हिरव्याची फिकट हिरवी-पिवळसर झाली की ते रसाला आलं. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची लिंबं इंदुरात ऐन पावसाळ्यात तयार होतात आणि सकाळच्या पोह्यांसाठी झाडाकडे हात जातोच. पण साठवायची फळं दवात किंवा पावसात ओली असताना तोडू नयेत. तेव्हा साल पाण्याने तट्ट फुगलेली असते, जरा दाबलं की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांत तपकिरी डाग दिसतात. दहा-अकरानंतर, फळ कोरडं झाल्यावर तोडणं बरं.

मोठी कात्री ठीकठाक. काढणीला ती फारशी लागत नाही, वाळक्या फांद्या आणि पाणसोट (सरळसोट वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढायला उपयोगी. पातं दुसऱ्या पात्याच्या बाजूने घसरतं, त्यामुळे फांदी चेचत नाही, पण बोटाएवढ्या फांदीपुढे जोर लावला की मधला नट सैल होतो. मूठ रुंद आहे, लहान हाताच्या माणसाला कुलूप अंगठ्याने उघडत नाही.

पंजाचं काय सांगावं! मालव्यातली काळी माती पाणी तोडलं की आवळते आणि भेगाळते, आणि कांद्याला काढणीआधी दहा-बारा दिवस पाणी तोडावंच लागतं. अशा मातीत या पंजाचे दात वाकतात. दांडा मुठीत नुसता ठोकून बसवलेला आहे, आरपार रिव्हेट नाही, त्यामुळे तोही लवकरच हलायला लागतो. खुरपीने कांदे कापले जातात आणि पात धरून उपटलं तर मान तुटते. त्यापेक्षा जाड सळईचा, एकसंध घडवलेला पंजा लोहाराकडून करून घ्यावा. तो झुपक्यापासून चार बोटं लांब, तिरका आत घालायचा आणि माती खालून उचलायची. सांबार कांदा एका गड्ड्यापासून झुपक्याने वाढतो, म्हणून झुपका अख्खा वर आणून मग हाताने सुटा करावा.

निम्म्याहून जास्त कांद्यांच्या माना पडल्या, म्हणजे पात मानेशी वाकून आडवी झाली, की काढणीला लागावं, सगळ्या पडायची वाट बघू नये. काढलेले कांदे पातीसकट सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस पसरावेत. मान चिमटीत दाबल्यावर ओली लागली तर अजून थांबा. नंतर लहान कात्रीनेच दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी. मान अगदी लगत कापली तर कांदा तिथूनच सडतो. डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले आणि जखमी कांदे वेगळे काढून आधी संपवावेत, बाकीचे न धुता जाळीच्या पिशवीत टांगावेत.

निगेबद्दल डब्यावर एक अक्षर नाही. लिंबाचा रस आणि चीक पात्यावर राहिला की दुसऱ्या दिवशी गंज दिसतो, तेव्हा काम झालं की पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडावा. धार फक्त उताराच्या बाजूने लावावी. सपाट बाजू घासली तर पात्यांत फट पडते आणि देठ कापला जाण्याऐवजी दुमडतो. झाडावर खैऱ्या (पाना-फळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) असेल तर एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसावीत. तो रोग पाण्याने पसरतो तसाच हत्याराने पसरतो, ओल्या झाडाला कात्री न लावण्याचं हे आणखी एक कारण.

दुकानदार संच फोडून देत असेल तर लहान कात्री सुटी घ्या. घेताना दोन्ही पाती मिटून उजेडाकडे धरा, टोकाशी फट दिसली तर दुसरी मागा. स्प्रिंग नुसती अडकवलेली असते, उडून गवतात पडली की सापडत नाही, म्हणून एक जास्तीची तेव्हाच मागून घ्या.