रॉड माझ्या हातात, रिपोर्ट लेकीच्या नावाचा

ग्रामपंचायतीच्या सभागृहातल्या ‘मोफत बालपोषण तपासणी शिबिरा’त माझे 6,050 रुपये गेले. पावडरचे तीन डबे प्रत्येकी 1,850, वर नोंदणीचे 500. पांढरे कोट, गळ्यात ओळखपत्रं, लॅपटॉप. पोराच्या हातात धातूचा रॉड द्यायचा, अंगात काय कमी ते यंत्र सांगणार, मग पावडर गळ्यात मारायची. ही मंडळी आता खाडीपलीकडच्या गावांत फिरतायत, म्हणून लिहितेय.

लेक अडीच वर्षांची. तिच्या मुठीत धातूचा रॉड दिला तर ती रडायला लागली. शिबिरातल्या मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्हीच धरा, आईचं नि बाळाचं एकच असतं.” मी धरला. दोन मिनिटांत लेकीच्या नावाचा रिपोर्ट बाहेर: लोह कमी, झिंक कमी, प्रथिनं ‘धोक्याच्या पातळीत’. अहो, हात माझा होता! उपकेंद्रात नुसतं हिमोग्लोबिन बघायला सिस्टर बोटाला सुई टोचते, हे मला ठाऊक होतं. रक्ताचा थेंब न काढता अंगातलं लोह कुठलं यंत्र सांगतं? तिथेच उठायला हवं होतं. पण अर्धी वाडी बघत होती, नवरा मुंबईला, सासूबाई मागून म्हणत होत्या, “पोर सुकलंय, पैशाकडे बघू नको.” अशा वेळी कुठली आई उठेल?

नंतर अंगणवाडीत सेविकाताईंनी दंडाला पट्टी लावली. 13.4 सेंमी, हिरवा रंग. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 12.5 च्या वर दंड असेल तर घाबरायचं नाही. 11.5 च्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, तेव्हा थेट सरकारी दवाखाना गाठा. डबा नव्हे! वजनही वयाला धरून निघालं. माझी मुलगी बारीक चणीची आहे, बस्स.

डब्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. यावर पहिलीच साखर, मग माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. 100 ग्रॅममागे प्रथिनं 9 ग्रॅम, आणि आपल्या कुळथात तेवढ्यात 22 च्या आसपास! कुळथाच्या पिठी-भातावर चमचाभर तूप घाला. पोरांचं पोट लहान, आणि स्निग्धाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी मिळतात. नाचणी, सुकट घरात असताना आम्ही साखर विकत घेतली. खाण्याच्या डब्यावरचा FSSAI (अन्नसुरक्षा) परवाना नंबर 14 आकडी असतो, आमच्या डब्यावर 11 आकडे आहेत. मोजा.

पोलीस ठाण्यात विचारलं, “पैसे स्वखुशीने दिलेत ना?” पावतीवर शिक्का नाही म्हणून कागदसुद्धा घेतला नाही. एसटीने जिल्ह्याला अन्न-औषध कार्यालयात गेले, तर तिथले साहेब म्हणतात सीलबंद डबा आणा, फोडलेला चालत नाही. फोडल्याशिवाय पोराला पाजणार कसं? ग्रामपंचायत म्हणते आम्ही फक्त जागा दिली. मग भोंग्यावरून गावभर सांगितलं कोणी? किती पोरांच्या पोटात हे गेलं, एवढा एक प्रश्न या तिन्ही ठिकाणी कोणी विचारला नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. शेजारणीकडे एक न फोडलेला डबा निघाला, तो घेऊन मंगळवारी परत जिल्ह्याला जातेय. तुमच्याकडे या शिबिराची पावती असेल तर मूळ कागद द्या, झेरॉक्स तिथे घेत नाहीत.